जुना पॉवरशॉट रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोंसाठी उघडायचा आहे : फिल्टर, काच आणि दिवे

माडरोप_दापोली (प्रश्न)

दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर आगर आहे. यंदा लावलेल्या माडाच्या रोपांपैकी दर दोन-तीन रात्रींनी एखादं आडवं पडलेलं सापडतं. साळिंदर की रानडुक्कर यावर घरात एकमत नाही. बाजारातला ट्रॅप कॅमेरा घेण्याआधी कपाटातला जुना कॅमेरा वापरून बघते म्हणते.

कॅमेरा कॅननचा, पॉवरशॉट ए मालिकेतला. ७ मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालतो, एसडी कार्ड. लेन्सवर ५.८-२३.२ मिमी आणि एफ २.६-५.५ असं लिहिलंय. चालू स्थितीत आहे. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, मोबाइलचे स्क्रू उघडायचा संच आहे.

माझे प्रश्न असे:
आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नुसता काढला तर चालेल की तिथे काच बसवावीच लागते?
दिवे ८५० नॅनोमीटरचे घ्यावेत की ९४० चे? १२ व्होल्टची ७ एएचची बॅटरी घरात आहे, ती चालेल का?
रोपांपासून कॅमेरा ५-६ मीटरवर, मांगराच्या भिंतीला लावता येईल. तेवढ्यावर प्राणी ओळखू येईल का?
प्राण्याच्या अंगाची उष्णता यात दिसते का? तसं असेल तर दिवेच लागणार नाहीत.

---

कॅथोड_चिपळूण

शेवटचा प्रश्न आधी, कारण त्यावरच बाकी सगळं ठरतं. उष्णता दिसणार नाही. जनावराच्या अंगातून निघणारं इन्फ्रारेड मुख्यतः ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात असतं. तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर सिलिकॉनचा, आणि सिलिकॉन १.१ मायक्रोमीटरच्या पुढे आंधळं असतं. शिवाय लेन्सची काच ती लांब लहर आत येऊच देत नाही. फिल्टर काढून तुम्हाला मिळतो तो फक्त ७०० ते १०००-११०० नॅनोमीटरचा तुकडा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा पण प्रकाशच. तो कुठून तरी पडायला हवा, वस्तूवरून परत यायला हवा. म्हणून दिवे लागणारच. अमावास्येच्या रात्री दिव्याशिवाय सुधारलेला कॅमेराही काळाच फोटो देईल.

उघडण्याआधी एक चाचणी करा. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा आणि स्क्रीनवर बघा. फिकट जांभळा ठिपका दिसेल. कॅमेऱ्यातला फिल्टर गळका असतो, तेवढंच त्यातून येतं. त्याच अंतरावरून, अंधाऱ्या खोलीत, ठरलेल्या आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि शटरवर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) एक फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर तसाच दुसरा काढायचा. फरक किती पडला ते अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

---

भिंग_आणि_पेचकस (रत्नागिरी)

ताई, कॅमेरा चांगला निवडलात. या मालिकेत लेन्सच्या मागची सेन्सरची प्लेट बहुधा तीन स्क्रूंवर असते, गोंदाने चिकटवलेली नसते. क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी फ्लॅशचा कपॅसिटर. यातच लोक हात भाजून घेतात. सेल काढून ठेवले म्हणजे कॅमेरा मेला असं नाही. आत करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा काळा नळकांडा असतो, त्यावर ३०० किंवा ३३० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि तो कित्येक तास भरलेला राहू शकतो. १०० मायक्रोफॅरड ३०० व्होल्टला म्हणजे साडेचार ज्यूल ऊर्जा. हाताचा झटका बसतोच, वर हात उडून रिबन केबल फाटते. उघडायच्या आदल्या दिवशी फ्लॅश बंद ठेवून कॅमेरा वापरा, मग सेल काढा. झाकण निघाल्यावर २.२ किलोओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर घ्या, दोन्ही पायांना इन्सुलेटेड वायर सोल्डर करा आणि वायरची उघडी टोकं कपॅसिटरच्या दोन पायांवर पाच-सहा सेकंद टेकवून धरा. मग मल्टिमीटर डीसी १००० व्होल्टवर ठेवून मोजा. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय पुढे बोट घालू नका. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगी उडते, बोर्डवरचा पट्टा जळतो, आणि त्याच धक्क्यात जवळचा चिप जाऊ शकतो.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी सेलोटेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो आतल्या बोर्डमध्ये शिरतो. एक तरी स्क्रू सेलच्या दाराखाली किंवा पट्ट्याच्या कडीजवळ लपलेला असतो. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, राहिलेला स्क्रू शोधा.

मागचं झाकण, मग स्क्रीन. स्क्रीनची रिबन ज्या सॉकेटात असते त्याची छोटी काळी किंवा तपकिरी पट्टी नखाने वर उचलायची, मग रिबन आपोआप सैल होते. पट्टी न उचलता ओढली तर रिबनची टोकं सोलून निघतात, आणि ती दुरुस्त होत नाही. सेन्सरच्या मागे जाणारी रुंद रिबन शक्यतो सोडवूच नका, प्लेटसकट बाजूला वळवा.

सेन्सरच्या प्लेटचे तीन स्क्रू काढण्याआधी प्रत्येकाच्या डोक्यावर आणि शेजारी प्लेटवर पर्मनंट मार्करने एक रेघ मारा. काही मॉडेलात प्लेटखाली स्प्रिंग किंवा पातळ चकत्या असतात. स्प्रिंग असतील तर स्क्रू किती फेऱ्यांनी निघाला ते मोजून लिहा. चकत्या असतील तर कुठल्या स्क्रूखाली किती, ते लिहा. ही जुळवणी कारखान्यात झालेली असते.

प्लेट उचलली की सेन्सरसमोर काळ्या रबरी चौकटीत एक काच दिसेल. सरळ बघितली तर फिकट निळसर-हिरवी, तिरकी धरली की लालसर चमकते. हाच तो फिल्टर. प्लास्टिकच्या चिमट्याने किंवा लाकडी टूथपिकने कडेने उचला. त्याच्या खाली सेन्सरच्या पॅकेजवरची साधी पारदर्शक काच असते, तिला हात लावायचा नाही. तिच्याखाली केसापेक्षा बारीक सोन्याच्या तारा असतात. ती काच तडकली की कॅमेरा संपला.

फिल्टर फेकू नका. डिजिटल व्हर्नियरने त्याची जाडी मोजा. जबड्यांना कागद लावून, दाब न देता. दोनशे-तीनशे रुपयांचा प्लास्टिकचा व्हर्नियरही ०.१ मिमीपर्यंत पुरेसा असतो.

आता काच का लागते. काचेची चकती लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये असली की प्रतिमा जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे ढकलली जाते. १ मिमीचा फिल्टर काढला की प्रतिमा सेन्सरच्या ०.३३ मिमी आधीच तयार होते. ती परत सेन्सरवर आणायला लेन्सला तेवढं मागे यावं लागेल. फोकसच्या मोटारीला तेवढी जागा नसली तर ५.८ मिमीच्या लेन्सला जास्तीत जास्त १० सेंटीमीटरवरचंच स्पष्ट दिसेल, त्यापुढचं सगळं धूसर. फिल्टर नुसता काढून मोकळं ठेवलेले कॅमेरे मुंगीचे सुंदर फोटो देतात आणि सहा मीटरवरचं डुक्कर मात्र लोण्याच्या गोळ्यासारखं दाखवतात, ते यामुळे.

काच म्हणून सूक्ष्मदर्शकाची स्लाइड उत्तम. ७५ बाय २५ मिमीची, जाडी १ ते १.२ मिमी. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे पन्नासाचा डबा मिळतो. पाच-सहा फुटतीलच. काच कापायच्या चाकाला रॉकेलचा थेंब लावा, पट्टीला धरून एकदाच, मध्यम दाबाने ओढा. तीच रेघ दुसऱ्यांदा ओढली की काच वाकडी फुटते. रेघेखाली काडेपेटीची काडी ठेवून दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबा. चष्मा घाला, कपचा डोळ्याकडेच उडतो. कडा ६०० नंबरच्या वॉटर पेपरवर पाणी लावून घासा.

मोबाइलचा टेम्पर्ड ग्लास वापरू नका. त्याला प्लास्टिकचा आणि गोंदाचा थर असतो, प्रतिमा फाटते.

फिल्टरची जाडी किती भरते ते इथे सांगा, मग काच ठरवू.

---

माडरोप_दापोली

मोजली. फिल्टर ०.८ मिमी, तीनदा मोजून तेच. रबरी चौकटीचा आतला खाचा साधारण १०.५ बाय ९ मिमी. प्लेटखाली स्प्रिंग नाहीत, चकत्याही नाहीत, तीन टेकूंवर सरळ बसते. स्लाइड मात्र १.१ मिमी भरते. जाड काच चालेल का? कव्हर स्लिपही आहेत, ०.१७ च्या. त्या पाच रचल्या तर ०.८५ होतात.

---

भिंग_आणि_पेचकस (रत्नागिरी)

कव्हर स्लिप रचू नका. पाच काचा म्हणजे दहा पृष्ठभाग. प्रत्येकावर धूळ आणि प्रत्येकावर परावर्तन. मधल्या हवेच्या पातळ थरात इंद्रधनुषी कड्या पडतात.

१.१ चालेल. ०.३ मिमी जास्त जाडी म्हणजे प्रतिमा ०.१ मिमी जास्त मागे. ती भरून काढायला लेन्सला पुढे सरकावं लागतं, आणि पुढे सरकायला जागा भरपूर असते, कारण मॅक्रोसाठी ती तशीच केलेली असते. तुम्ही गमावाल ती अगदी जवळची मॅक्रो, लांबचं नाही. म्हणून अचूक जाडी मिळाली नाही तर थोडी जाड घ्यावी, पातळ कधीच नाही. एकच अट आहे, काच खाच्यात पूर्ण खाली बसली पाहिजे. १०.५ च्या खाच्याला १० मिमी काच कापा, ९ ला साडेआठ. घट्ट बसवायचा मोह टाळा.

साफ करताना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सचा कागद. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन नको, रबर आणि प्लास्टिक विरघळतं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण चिकटतात. कान धुवायच्या रबरी पिचकारीने हवा मारा, पिचकारी कोरडी आणि नवी हवी.

---

आगोट_गुहागर

हवेबद्दल एक गोष्ट जोडतो, किनाऱ्यावरच्यांसाठी ती महत्त्वाची आहे. सेन्सर आणि नवी काच यांच्यात जी हवा बंद होते, ती कायमची तिथेच राहते. जुलैत ९० टक्के आर्द्रतेत काच बसवली तर पुढे थंडीच्या पहाटे कॅमेरा बाहेर गार झाला की आतून दव धरतं, आणि वर्षभरात त्याच जागी बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उमटतात. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी, खोली बंद करून करा. काच बसवण्याआधी उघडा कॅमेरा, काच आणि चौकट एका हवाबंद डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेलसोबत रात्रभर ठेवा. सकाळी डबा उघडल्यापासून अर्ध्या तासात प्लेट बंद करा.

सिलिका जेल निळं असेल तर ओलं झाल्यावर गुलाबी होतं. १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की परत निळं. पण निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. स्वयंपाकाची कढई वापरू नका, वेगळं भांडं ठेवा. नारिंगी मिळालं तर तेच घ्या.

---

लाल_दिवा (मालवण)

दिव्यांकडे येतो, कारण फिल्टर काढणं सोपं असतं आणि दिव्यांत लोक फसतात.

८५० घ्या. सिलिकॉनची संवेदना ८५० नंतर झपाट्याने उतरते. ९४० ला तेवढ्याच करंटमध्ये तुमच्या सेन्सरला निम्मा किंवा त्याहूनही कमी प्रकाश मिळेल. ८५० चा एलईडी अंधारात समोरून बघितला तर मंद लाल निखाऱ्यासारखा दिसतो, एवढाच तोटा. बहुतेक सस्तन प्राण्यांना तांबडा रंग आपल्याइतका चांगला दिसत नाही. ९४० चा उपयोग माणसाला दिवा कळू नये तिथे.

सुटे ५ मिमी एलईडी घेतलेत तर: एकावर साधारण १.५ व्होल्ट पडतात. पाच एका रांगेत म्हणजे ७.५ व्होल्ट. १२ मधले उरलेले ४.५ व्होल्ट १०० ओहममध्ये, म्हणजे ४५ मिलिॲम्पियर. बॅटरी चार्जरवर १३.८ ला असली तर ६३, आणि उतरून ११ ला आली तर ३५. तिन्ही ठिकाणी एलईडी सुखरूप. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या, पाव वॅटचा १३.८ व्होल्टला ०.४ वॅट खातो आणि काळा पडतो. लहान रेझिस्टर लावून तेवढ्याच करंटची सहा एलईडींची रांग केली तर सुरुवातीला जास्त उजेड पडेल, पण बॅटरी उतरताना ती फार लवकर मंद होते. म्हणून पाचच. सगळ्या रांगांना एकच मोठा रेझिस्टर लावू नका. ज्या रांगेचा व्होल्टेज किंचित कमी, ती जास्त करंट ओढते, तापते, आणि आणखी ओढते. प्रत्येक रांगेला स्वतःचा रेझिस्टर.

अशा आठ रांगा, म्हणजे ४० एलईडी, एकूण ३६० मिलिॲम्पियर. ७ एएचची बॅटरी कागदावर १९ तास. पण शिशाची बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर वर्षात मरते, म्हणून ती एका रात्रीचीच धरा आणि रोज सकाळी चार्जिंगला लावा.

कोनाचं गणित: ३० अंशांचा एलईडी ६ मीटरवर साधारण ३.२ मीटर रुंद गोल उजळतो. तुमच्या कामाला तेवढा बरोबर. ६० अंशांचा घेतलात तर तोच प्रकाश कितीतरी मोठ्या जागेवर पसरून पातळ होतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून शक्य असेल तर कॅमेरा मांगरावर राहू दे आणि दिवे रोपांच्या जवळ, २-३ मीटरवर, खांबाला लावा. एवढ्या एका बदलाने जे मिळतं ते चाळीसचे ऐंशी एलईडी करून मिळत नाही.

सोल्डरिंग नको असेल तर सीसीटीव्हीचे १२ व्होल्टचे तयार इन्फ्रारेड दिवे मिळतात, आत अंधार ओळखणारा एलडीआरही असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत सुटे एलईडीही मिळतील.

मोठे ३ वॅटचे एलईडी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रकाश दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही आणि बाहुली आकसत नाही. चालू आहे का ते बघायला जवळून टक लावू नका, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा.

---

कॅथोड_चिपळूण

फक्त फोटो हवे असतील, व्हिडिओ नको, तर एलईडी पूर्ण वगळता येतात. कॅमेऱ्याच्या झेनॉन फ्लॅशमध्ये ८०० ते १००० नॅनोमीटरमध्ये भरपूर प्रकाश असतो. त्याच्यासमोर दृश्य प्रकाश अडवणारा आणि इन्फ्रारेड सोडणारा पडदा लावला की अदृश्य फ्लॅश तयार. सगळ्यात स्वस्त पडदा म्हणजे जुन्या रंगीत निगेटिव्हचं धुतलेलं, पूर्ण काळं टोक. रोल लोड करताना उजेडात आलेला सुरुवातीचा तुकडा. दोन थर लावा. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात. कृष्णधवल फिल्म चालणार नाही, तिच्यात खरी चांदी उरते आणि ती इन्फ्रारेडही अडवते. हा फरक न कळल्यामुळे पुष्कळांना वाटतं की ही युक्ती खोटी आहे.

मर्यादा अशी की या कॅमेऱ्यांचा फ्लॅश मुळात साडेतीन मीटरच्या आसपास पुरतो. पडद्यातून त्याहून कमी. म्हणजे कॅमेरा २ मीटरवर आणावा लागेल. दोन थरांतूनही जवळून बघितलं तर क्षणभर पुसट लाल झाक दिसू शकते.

---

शटर_सावंतवाडी

कॅमेरा रात्रभर चालवायचा कसा, हे कुणी लिहिलेलं नाही.

कॅननच्या या मालिकेवर सीएचडीके नावाचं जोड-सॉफ्टवेअर चालतं, त्याने कॅमेऱ्याला स्क्रिप्ट देता येते. ते कार्डावरून चालतं, कॅमेऱ्याचं मूळ सॉफ्टवेअर बदलत नाही. कार्ड काढलं की कॅमेरा पूर्वीसारखा. आधी मॉडेलबरोबर फर्मवेअरची नेमकी आवृत्ती शोधावी लागते. त्याच कॅमेऱ्याने काढलेला, संपादन न केलेला फोटो त्यांच्या साधनात टाकला की ती कळते. चुकीच्या आवृत्तीचं टाकलं तर कॅमेरा चालू होत नाही, सेल काढून कार्ड बदलावं, नुकसान नसतं. २ जीबीचं कार्ड घ्या आणि फॅट१६ मध्ये फॉरमॅट करा. एवढ्या जुन्या कॅमेऱ्यात मोठ्या कार्डावरून सुरू करायला दोन पार्टिशन करावी लागतात, उगाच डोकेदुखी. कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी लॉकवर ठेवायची, तेव्हाच ते आपोआप सुरू होतं. फोटो तरीही कार्डावर लिहिले जातात.

पहिले काही दिवस हालचाल ओळखणारा सेन्सर-बिन्सर जोडू नका. दर ३० सेकंदांना एक फोटो अशी इंटरव्हलची स्क्रिप्ट लावा. संध्याकाळी ७ ते पहाटे ५ म्हणजे १२०० फोटो. फोटोचा आकार २ मेगापिक्सेलवर ठेवला तर २ जीबीत मावतात. साळिंदर एक रोप कुरतडायला मिनिटं घेतो, तो सुटणार नाही.

फोकस ऑटोवर ठेवू नका. अंधारात तो प्रत्येक फोटोला शोधत बसेल, मोटार आणि सेल दोन्ही संपवेल. झूम पूर्ण मागे, ५.८ मिमीवर. एफ २.६ ला २.६ मीटरवर फोकस बांधला तर साधारण १.३ मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. पण तुमची काच जाड आहे, म्हणून स्क्रीनवरच्या मीटरवर विश्वास नको. छापील कागद २.६ मीटरवर टांगा, फक्त इन्फ्रारेड दिवे चालू ठेवा, फोकसचं अंतर पायरीपायरीने बदलत फोटो घ्या आणि सगळ्यात स्पष्ट कुठला ते संगणकावर बघून ठरवा. हे दिवसाच्या उजेडात केलं तर इन्फ्रारेडचा फोकस थोडा वेगळा पडतो.

आयएसओ २०० किंवा ४००, शटर १/१५ पासून सुरुवात. रंग कृष्णधवल ठेवा, नाहीतर सगळं जांभळं-गुलाबी येईल. कोकणातल्या एप्रिल-मेच्या रात्री सेन्सर तापलेला असतो, आणि साधारण दर ६ ते ८ अंशांना त्यातला गोंगाट दुप्पट होतो. म्हणून आयएसओ ८०० च्या फोटोवर पांढरे ठिपके वाढले तर ते बिघाडाचं लक्षण नाही. आयएसओ वाढवण्यापेक्षा दिवे जवळ न्या.

वीज: दोन सेल रात्रभर टिकणार नाहीत. या दोन सेलवाल्या कॅमेऱ्यांना कॅननचा अ‍ॅडॅप्टर ३.१५ व्होल्टचा असे. बाजूला डीसी इनचं छिद्र असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरून एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड) ३.१५ वर मल्टिमीटरने नेमकं लावून तिथे द्या. आधी लावा, मोजा, मग जोडा. मॉड्यूल विकत मिळताना ते बहुधा ५ किंवा १२ वर लावलेलं असतं, तसंच जोडलं तर कॅमेरा जातो. प्लस कुठे ते छिद्राशेजारच्या चिन्हावरून बघा. ही ओढ दिव्यांच्या वर येते, म्हणून बॅटरीचा हिशोब करताना ती धरा.

नंतर पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर) जोडायचा असेल तर एचसी-एसआर५०१ घ्या. ५ ते २० व्होल्टवर चालतो, म्हणजे बॅटरीवर थेट. बाहेर ३.३ व्होल्ट देतो. सीएचडीकेला यूएसबीच्या पॉवरच्या पिनवर व्होल्टेज आलं की शटर दाबल्याची खूण मिळते. ३.३ वर काही कॅमेरे ओळखतात, काही नाही. मध्ये ट्रान्झिस्टर घालून ५ व्होल्ट दिलेत तर शंका उरत नाही. पीआयआरसमोर काच लावू नका. वर कॅथोडने लिहिलंय तेच कारण, काच उष्णतेची लहर सोडत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा जमीन गरम असते. प्राणी आणि मागची जमीन यांच्यातला फरक घटतो, म्हणून ७ मीटर म्हणून विकलेला सेन्सर ३-४ मीटरवरच जागा होतो.

---

आगोट_गुहागर

पेटी म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातली प्लास्टिकची आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारी) जंक्शन बॉक्स घ्या. खिडकीला स्लाइडचीच काच. ती चिकटवायला सिलिकॉन सीलंट घेताना वास बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा नको. तो सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतो आणि बंद पेटीत तांब्याची टोकं हिरवी करतो. न्यूट्रल लिहिलेला घ्या, दोन दिवस पेटी उघडी ठेवून सुकवा आणि मगच कॅमेरा आत ठेवा. तळाला ३ मिमीचं छिद्र आणि त्यावर बारीक जाळी हवीच, नाहीतर दिवसा तापलेली हवा रात्री गार होऊन ओल आत ओढते. जाळी नसेल तर मुंग्या आठवड्यात घर करतात. खाऱ्या हवेसाठी बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावा.

समोरचं गवत कापा. हिरवी पानं इन्फ्रारेडमध्ये पांढरीशुभ्र दिसतात. लेन्सपासून हातभर अंतरावर एक पान आलं तरी ते सगळा उजेड खातं आणि मागचं रोप काळं राहतं.

---

माडरोप_दापोली

काच बसवली, कॅमेरा चालू झाला, रिमोटचा ठिपका आता पूर्ण स्क्रीनभर पसरतो. दोन अडचणी. एक, सगळ्या फोटोंवर धुक्यासारखा पांढुरका थर आहे, मधोमध जास्त. दोन, डावीकडचं स्पष्ट आणि उजवीकडचं कायम धूसर, फोकस कितीही बदलला तरी. दिवे सध्या पेटीच्या आतच, लेन्सभोवती गोल लावलेत.

---

लाल_दिवा (मालवण)

पहिलं माझ्याकडचं. एलईडी आणि लेन्स एकाच काचेमागे असले की काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून प्रकाश उलटा लेन्समध्ये येतो. दिवे बाहेर, निदान ३० सेंटीमीटर लांब न्या. पाऊस किंवा दर्याकडचं धुकं असेल तेव्हाही हेच अंतर वाचवतं, कारण लेन्सच्या अगदी समोरचे थेंब उजळत नाहीत. लेन्सच्या नळीभोवती काळा फोम लावून तो खिडकीच्या काचेला टेकवा. तपासायला दिवे चालू ठेवून पेटी मोकळ्या काळ्या आकाशाकडे करा आणि फोटो काढा. जो उजेड दिसेल तो सगळा आतला. फोटो काळा येईपर्यंत फोम हलवत राहा.

---

भिंग_आणि_पेचकस (रत्नागिरी)

दुसरं माझं, आणि त्यात माझ्या सल्ल्यात एक तपशील कमी राहिला. एक बाजू कायम धूसर म्हणजे सेन्सर तिरका. तुमच्या प्लेटला स्प्रिंग नाहीत, म्हणजे स्क्रू पूर्ण बसल्यावर ती सरळच बसायला हवी. नाही बसली तर खालून काहीतरी तिला उचलतंय. १.१ ची काच खाच्यात पूर्ण उतरली तरी ०.३ मिमी वर राहते, ती रबराने दबून घ्यायची असते. एखाद्या कोपऱ्यावर कपचा किंवा न घासलेली कड असेल तर रबर तिथे दबत नाही आणि प्लेट त्याच बाजूने उचलली जाते. एफ २.६ ला सेन्सरला मिळणारी सूट जेमतेम ०.०१३ मिमी आहे, म्हणून डोळ्याला काहीच दिसणार नाही.

परत कपॅसिटर रिकामा करा, मधल्या दिवसांत तो भरला असणार. काच काढा, भिंगाखाली चारी कोपरे बघा, वर-खाली दोन्ही बाजूंच्या कडा वॉटर पेपरवर ४५ अंशांत हलक्या मारा. मग चौकटीत ठेवून टूथपिकच्या चपट्या टोकाने चारही कोपरे एकेक करून दाबा. एकही कोपरा झुलता कामा नये. स्क्रू एकदम आवळू नका. तिन्ही आधी टेकेपर्यंत, मग प्रत्येक अर्धी फेरी, आळीपाळीने, तुमच्या मार्करच्या रेघा जुळेपर्यंत. तिन्ही रेघा जुळल्या तर प्लेट टेकूवर बसली. एक जरी रेघेच्या आधी अडली तर त्या बाजूची काच अजून उंच आहे, परत उघडा. दोनदा घासूनही अडत असेल तर डब्यातल्या सगळ्या स्लाइड व्हर्नियरने मोजा, १.० ची एखादी मिळते.

---

शटर_सावंतवाडी

फोटो यायला लागले की डोळ्यांकडे बघा. मांजर, उदमांजर, बिबट्या यांच्या डोळ्यांत दिव्याचा प्रकाश चकाकून परत येतो, रानडुकराच्या डोळ्यांत तशी चमक येत नाही. आणि सकाळी रोपाचाही फोटो घ्या. मुळासकट उकरून आजूबाजूची माती नांगरल्यासारखी असेल तर डुक्कर. बुंध्याशी छिन्नीने तासल्यासारख्या समांतर दातांच्या खुणा असतील तर साळिंदर. त्यासाठी बुंध्याभोवती दीड फूट उंचीपर्यंत जाळी जमिनीत अर्धा फूट पुरून लावावी लागेल, कारण साळिंदर उकरतोही.